मॅडम रागवतच नायत!

...नाय नाय, शिकवत्यात चांगलं, तक्रार ती नायच! तक्रार ही की मॅडम रागवतच नायत! तुम्हाला सांगतो, एकोणसाठ वय माझं, वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालो आणि कटकट गेटला महेजबीन मॅडमकडं पेटी शिकायला लागलो. वय काय त्यांचं? माझ्या पोरीपेक्षा लहान! पण मास्तर ते मास्तर, म्हणून मी पहिल्याच दिवशी बोटं पुढं करून बसलो... मारा म्हणलं! सवय हो! लहानपणी लासूर स्टेशनला गायन पार्टीचे सुदर्शन मास्तर होते, एक सूर चुकला की बोटावर फूटपट्टी, दुसरा चुकला की आईबापाचा उद्धार, आणि तिसऱ्याला, "बन्सी, ही बोटं पेटीची नव्हंत, पोती उचलायची हायेत, ऊठ!" उठलो की. अठ्ठेचाळीस वर्षं परत बसलोच नाय!

आणि इथं? सा दाबायला सांगितला, मी घाबरून दोन पट्ट्या दाबल्या, असा आवाज निघाला की गल्लीतली शेळी ओरडली! मी डोळे मिटले. तर मॅडमनी काय म्हणावं? "वा काका, दोन सूर एकदम! आता त्यातला एकच ऐकू या का?" धक्काच बसला हो मला! घरी येऊन सांगितलं, तर बायको, रत्नमाला, म्हणती, "बहिरी हाय का ती पोरगी?"

बरं, गंमत इथवर ठीक होती. पण वस्तीतल्या मंडळाच्या आकाशनं मला न विचारता नाव टाकलं, चौदा एप्रिलला भीमगीतांना पेटीवर बन्सीकाका! आता सगळी वस्ती समोर, लासूरहून भाऊबंद येणार... मला जमतंय का नाय, हे कुणी तरी खरं सांगाया पायजे का नको? आणि मॅडम रागवतच नायत! मुद्दाम चुकीचं वाजवून बघितलं, वेडंवाकडं, भाता धपाधपा हाणला... तर म्हणत्यात, "काका, आज हात मोकळा झाला बघा तुमचा!" आता काय करावं माणसानं?

शेवटी काल सांगून टाकलं, "मॅडम, आकाशला नाव काढाया लावतो. मास्तरांचं खरं होतं, ही बोटं पेटीची नव्हंत."

तर मॅडमनी पेटीचा भाता खाडकन बंद केला. "खबरदार काका! माझ्या शागिर्दाला माझ्यासमोर नावं ठेवायची नाहीत! चुकले तुमचे मास्तर, आणि सजा तुम्ही अजून भोगताय? चौदाला स्टेजवर बसला नाहीत, तर या घरात पाऊल टाकू नका!"

त्यांचे अब्बा, शौकतभाई, हातात चहाची किटली घेऊन दारातच थिजले. आणि मी? रडलो हो. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं!

पण फसलो ना! मला वाटलं होतं, एकदा रागावल्या की सुटलो, जमत नाय म्हणून मोकळं होऊन घरी टीव्ही लावून बसू. आता कुठल्या तोंडानं पळू? तेव्हा या सगळे चौदाला. चुकलो तर हसा बी... पण जरा बेतानं. पहिल्या रांगेत मॅडम बसणार हायेत, आणि त्यांना रागवता येतंय.