कापसामागची सायकल

गुडीहत्नूरहून उटनूरला जाणाऱ्या बसमध्ये रंजीताला खिडकी मिळाली होती, तरी तिचं ध्यान बाहेर नव्हतं. पुढच्या सीटवरचे दोन म्हातारे बस निघाल्यापासून सायकलवरच बोलत होते.

“सुरेंद्र, हाच तो रस्ता. सकाळच्या थंडीत निघायचं, इंद्रवेल्लीले चहा घ्यायचा, मंग जंगलातला चढ. असंच ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं, सुधाकर. पण दर साली तुयी सायकल खोलीत कापसामागं अडकलेली.”

“काय करू गड्या? वेचणी झाली का सारी खोली कापसानं भरून जाये. भाव चढू दे, खोली रिकामी होऊ दे, मंग जाऊ, असं म्हणो मी.”

“अन् खोली रिकामी होये तवा डोक्यावर उन्हाळा येये.”

“यंदा मी शेतातूनच इकला कापूस. सायकल पुसली, हवा भरली.”

“यंदा मले डॉक्टरनं सायकल बंद सांगतली.”

“मालूम हाय. तू दवाखान्यात होता, तवाच पुसली मी.”

“मंग एकटा काऊन नाई गेला?”

“एकट्यानं जायचं कुठं ठरलं होतं?”

चढ लागला. सागाच्या झाडांमधून बस कण्हत वर निघाली.

“इथं उतरून सायकल हातानं न्यायची होती.”

“मी नसतो उतरलो.”

“उतरला असता. लई चढ हाय.”

सुधाकरनं समोरच्या सीटची दांडी हँडलसारखी दोन्ही हातांनी धरली. मग हळूच विचारलं,

“दम लागला काय रे?”

“नाई. चाल तू पुढं.”