चांद्याच्या मशिदीत शपथ

तुम्ही पोरं धुऱ्या-बांधाच्या भांडणासाठी कोर्टात जाता. आम्ही मशिदीत गेलो होतो. चंद्रपूरला चांदा म्हणत, तेव्हाची गोष्ट.

माझ्या आणि शेजारच्या गावातल्या गोविंदाच्या शेताच्या धुऱ्यावर मोहाचं एक झाड होतं. फुलं कोणी वेचायची, यावरून भांडण लागलं. मी म्हटलं, "झाड तुझंच म्हणतोस, तर आमच्या मारोतीसमोर तशी शपथ घे."

"काऊन घेऊ? तुमचा मारोती तुह्याच बाजूनं राहीन."

त्याच्या मारोतीवर माझाही भरवसा नव्हता. शेवटी ठरलं, चांद्याच्या परकोटातल्या जुन्या मशिदीत जायचं. तिथं दोघांचीही ओळख नव्हती.

हातपाय धुतले, डोक्याला दुपट्टे बांधले आणि आत गेलो. मशीद सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या चाचांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "घ्या ना शपथ. पण या फुलाचं तुम्ही करता काय?"

आमच्या भागात मोहाची दारू गाळतात, हे सांगायला नको. पण मशिदीत बसून ते सांगायचं कसं? गोविंदा जमिनीकडे पाहत म्हणाला, "बैलांले चारतो, चाचा."

मी मान हलवली.

"दोघंबी?"

"हो जी."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "मंग झाडाचं राहू द्या. पहिले याचीच शपथ घ्या."

शपथ कोणीच घेतली नाही. फुलं निम्मी निम्मी, हे उठता उठताच ठरलं. खोटं गोविंदा बोलला होता, मी फक्त मान हलवली होती. तरी चपला आधी मीच घातल्या.