भाऊबीजेचं ताट

"…आन् ते सारे ताटं म्हने रामीबाईनं शेलूबाजारात नेऊन—"

बस! इतलंच ऐकाले भेटलं मले. विहिरीवर धनीबाई त्या हिरीबाईच्या कानाले लागून सांगून राह्यली होती, मी पायरीवर घागर ठेवली, तं दोघी अशा गप्प झाल्या जसा काही जमादारच आला! आता सांगा बरं, नेऊन काय? नेऊन पुढं काय केलं? मी म्हनलं, "काय वो धनीबाई, कोनते ताटं?" तं धनीबाई म्हनते कशी, "काई नाई वो धुरपताबाई, यंदा थंडी लवकरच पडली." थंडी! मी थंडीचं विचारलं का तुले? ऐन पाडव्याच्या सकाळी अर्धी गोष्ट मानसाच्या कानात घालाची आन् उरलेली अर्धी दोर गुंडाळून घरी घेऊन जायाची, हे काय मानुसकी झाली? मी काही खोदून खोदून विचारनारी बाई नाई. मले काय करा लागते! पन ते 'ताटं' म्हनली ना, तथीच माया छातीत धस्स झालं…

काहून का त्या ताटाईत मायं ताट होतं.

थांबा, पह्यलेपासून सांगतो, नाईतं तुमी म्हनसान ही बाई एका ताटासाठी इतली काहून ओरडून राह्यली. तुमाले सांगतो, आमच्या आळीत दिवाळीले घरोघर फराळाचं ताट जाते. आन् एकदा ताट गेलं का ते रिकामं वापस येत नाई. तुमी करंज्या देल्या तं त्यात चकल्या येतीन, काहीच नसलं तं चिमूटभर साखर येईन, पन रिकामं? नाव नोका काढू! रिकामं ताट धाडनं म्हनजे दारावरून हाकलल्यासारखं. आता यंदा श्रावनात रामीबाईचा मालक गेला, भाऊसिंगदादा. बंडी हाकलाचा बिचारा. आळीत एक घर दाखवा, ज्याची बाळंतीन, ज्याची म्हातारी, ज्याच्या धानाचे पोते त्यानं आपल्या बंडीत नेले नाई! पोहऱ्याच्या जत्रेले तं सारी आळी त्याच्याच बंडीत कोंबलेली, मी पुढच्या बाजूले, मले मांग बसलं का मळमळते. तं असा देवमानूस गेला. आन् ज्या घरी मयत झाली त्या घरी वर्सभर कढई चढत नाई, सन करत नाई. मंग आळीनंच त्या घरचं तोंड गोड करा लागते. ते तं आमी केलंच! ताटावर ताट गेलं रामीबाईकडे. मी तं असं ताट भरलं, असं भरलं, का वरचा अनारसा मले हनुवटीनं दाबून न्या लागला.

आन् न्याचं होतं तं नेलं असतं घरच्या लहान ताटात… पन मंग लोकं काय म्हनले असते? म्हनून मी माहेरचं ताट काढलं. पितळेचं, हे एवढं रुंद, आन् त्याच्या काठावर टिंब टिंब मारून मायाच बापाचं नाव घातलेलं: 'नथ्थुजी, मु. मानोरा'. लग्नात देल्लं मले. बापाचा ना फोटो आहे, ना सही. आंगठा मारत होता. दुनियेत त्याचं नाव लिहेलं आहे तं त्याच एका ताटावर. आन् माया भाऊ जानराव, मानोऱ्याहून दरसाल भाऊबीजेले येते, पाटावर बसते, आन् ओवाळाच्या आंधी त्या काठावरून बोट फिरवते. नुसतं बोट फिरवते, डोळे भरते, आन् मंग म्हनते, "हं, ओवाळ." हे ताट त्याले दिसलं नाई तं तो काय करन, सांगता येत नाई. उठून चालला जाईन. लय कोपिष्ट आहे, मायावर गेला.

तं अशी भाऊबीज उद्यावर, आन् ताट रामीबाईकडे! आन् धनीबाई म्हनते ताटं शेलूबाजारात नेऊन…

मी घागर तशीच भरली आन् वाटेत रामीबाईच्या घराकडून आली. वाट तिकडून नाई, ते सोडा. विरजन मागाचं म्हनून हाक मारली. दाराले कडी! आता कडी आहे म्हनल्यावर मानूस वापस येते, मी बी येतच होती, पन दाराच्या फटीकडे डोळा गेलाच माया. गेला म्हनजे काय, डोळा आहे, जाईनच. तं अंदर काय दिसावं? सारा फराळ पळसाच्या पानाईवर नीट काढून ठेवेला, वर टोपली झाकेली, आन् ताट… एक नाई! फळीवर नाई, चुलीपाशी नाई, कुठीच नाई! मायी घागर अशी हेंदकाळली का अर्धं पानी माया लुगड्यावर. म्हनजे खरंच नेले! दिवाळीत, आमच्याच अनारशाईखालून आमचे ताटं काढून, बाजारात!

मी कोनाले सांगितलं नाई. फक्त हिरीबाईले सांगितलं, तिले अर्धं ठाव होतंच. आन् रुपाबाईले, कारन तिचं ताट बी होतं त्यात, तिचा हक्क आहे. आन् रुपाबाईच्या दारात चार बायका बसेल्या होत्या, त्याईनं ऐकलं तं मी काय त्याईच्या कानात बोळे कोंबू? रुपाबाई तं कपाळाले हात मारून ओरडली, "इकले! इकले वो मायबाई! मोडीत घातले असतीन!" हिरीबाई म्हने, "तरी मी म्हनत होती, मानूस दुखात कसं पालटते!" तिसरी म्हने, "पंच बसवा! आळीतून उठवा तिले!" पाहा बरं! सकाळी त्याच तोंडानं 'बिचारी रामी, बिचारी रामी' म्हनून राह्यल्या होत्या. मी म्हनलं, "बायाहो, पुरतं ठाव नसल्याबिगर बोलू नये." मी अशी. मले कोनाच्या भानगडीत काय करा लागते!

घरी आली तं आमचे मालक पाटावर वाट पाहून राह्यलेले, पाडव्याचं ओवाळनं बाकी. म्हनतात, "भाकर आहे का आज, का गावभर फिरूनच पोट भरते तुयं?" मी म्हनलं, "मी शेलूबाजारले चालली." "कायले?" "भाजी आनाले." "आंगनात वांगे लागेले आहेत." "मले भोपळा पायजे." "तू कधी भोपळा खाल्ला जल्मात?" आता या मानसाले काय सांगाव? बापाचं नाव बाजारात इकाले निंगालं आन् हे वांग्यावर बसले! तशीच निंगाली. ओल्या लुगड्यानं, तरातरा, वाटेनं मनात सारं बोलनं जुळवत. 'काहून वो रामे, तुले लाज नाई वाटली?' असं सुरू कराचं, का 'भाऊसिंगदादा असता तं' असं? दुसरं चांगलं वाटलं मले. त्यानं मानूस ताबडतोब रडते.

बाजार असा भरेला! मी भांड्याच्या दुकानाईवर एक एक ताट उलटं करून पाह्यलं. दुकानदार म्हनते, "मावशी, घ्याचं आहे का?" मी म्हनलं, "मायंच आहे, घेऊ कायले?" मंग हळूऽऽच तो वास आला… नवसागराचा. पांढरा धूर. बाभळीच्या झाडाखाली रऊफ कल्हईवाल्याची भट्टी, भट्टीत कोळसे लालबुंद, आन् भात्यापाशी बसून भाता वढून कोन राह्यलं?

रामीबाई!

तोंड सारं काळं. पदर कमरेले खोचेला. बाजूले आळीचे सारे ताटं एकावर एक! मी तं थंडीच पडली. जुळवलेलं सारं बोलनं डोस्क्यातून भुर्र… रऊफभाई तिले म्हनून राह्यला, "बहेन, आता हात दुखले असतीन, उठा बरं, बाकीचा भाता मी मारतो." तं ती म्हनते, "नाई भाऊ, ठरलं ते ठरलं. तुमची कल्हई, माया भाता." आन् तितक्यात तिले मी दिसली. रागवाची ती, का लाजाची? अशी हासली, काळ्या तोंडातून सारे दात, म्हनते, "हात् तिच्या मायबीन! तुमी काहून आल्या वो बाई? साऱ्याईले उद्या चकित कराचं होतं मले!"

मी म्हनलं, "म… मी भोपळा घ्याले आली."

"पाहा ना बाई," म्हनते, "कोनी म्हनून विसरलं नाई मले. ताटाईनं घर भरलं मायं. आता माया घरी कढई चढत नाई, गोडाचं मले काही देता येत नाई, साखर बी नाई. आन् रिकामं ताट कसं धाडू? मालक असताना माया घरून रिकामं ताट कधी गेलं का? दोन रोज डोळ्याले डोळा नाई. मंग आठवलं, ताटातच काही नाई घालता आलं तं ताटालेच काही करता येते ना! दोन्ही अंगानं कल्हई करून धाडतो. चांदीवानी करून."

आन् तितक्यात रऊफभाईनं सांडशीत एक ताट धरून भट्टीवर घेतलं. हे एवढं रुंद.

मायं!

काठावर मायाच बाप, 'नथ्थुजी, मु. मानोरा', कोळशाच्या उजेडात एक एक टिंब असं चमकून राह्यलं जसं आत्ताच कोरलं. रऊफभाईनं नवसागर फिरवला, कथलाची कांडी लावली, हातात कापसाचा बोळा घेतला. मी तोंड उघडलं. 'थांबा' म्हनाले उघडलंच होतं! तं रामीबाई मायाकडे वळून म्हनते, आन् अशा अभिमानानं म्हनते, "हे ताट कोनाचं आहे काय मालूम, पन बिचाऱ्याच्या काठाले किती खड्डे पडेले वो! बारीक बारीक, सारे रांगेनं. रऊफभाईले म्हनलं, बाकीचं कसंई करा, पन हे खड्डे बुजवा चांगले." आन् रऊफभाई बी खुश होऊन म्हनते, "हौ ना बहेनजी, मराठी वाचता येत नाई मले, मी समजलो नक्षी आहे. पन बाई म्हनते खड्डे, तं खड्डे. पुरे बुजवून टाकले सब ताटाईचे."

सब ताटाईचे! हिरीबाईच्या सासऱ्याचं नाव, रुपाबाईच्या मामाचं, साऱ्या आळीचे बाप, सासरे, मामे… बुजवून टाकले!

आन् रामीबाईच्या हाताले फोड आलेले. भात्याच्या दांडीनं. ते फोड मले दिसले, आन् मायं उघडेलं तोंड… मिटलं मी. आमच्या मालकाले सांगा कोनी, का धुरपतानं आपल्या आंगानं तोंड मिटलं, ते मानतीन का? बोळा एकदा फिरला. माया बाप गेला. दुसऱ्यांदा गेला. पहिल्यानं गेला तवा रडता तरी आलं होतं, इथी मी म्हनलं, "वा वो रामीबाई. काय चमकून राह्यलं."

मी डोळा काढला नाई त्या ताटावरून. म्हनलं नाव गेलं तं गेलं, ताट तं वळखून ठेवू. वरून दुसरं… मंग त्याच्यावर एक पडलं, तं वरून तिसरं… मंग रामीबाईनं सारे धोतरात बांधले, बंडीवाल्यानं गाठोडं उचलून फेकलं आन् आतमंदी सारे असे खळखळले जसा काही पत्त्याचा डावच पिसला. आन् मी? मी भोपळा घेऊन बंडीत मांग बसली. मळमळत मळमळत घरी.

भाऊबीजेच्या सकाळी आली ना ती दारोदार. न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून. "ज्याचं जे असन ते घ्या वो बाई, आन् माया मालकाच्या नावानं गोड माना." बायका ताटाईकडे पाहून राह्यल्या आन् ताटं बायकाईकडे. सारे सारखेच! चांदीवानी पांढरे! रुपाबाई उलटंपालटं करून पाह्यते, कानाशी नेऊन वाजवून पाह्यते. हिरीबाई बोललीच, "अवं पन मायं नाव कुठी…" मी असा चिमटा काढला तिले का ती म्हनली, "नाव… नाव काढलं वो रामीबाई तू!" मंग साऱ्याईले कळलं. काल पंच बसवा म्हननारी पुढं झाली, रामीबाईच्या हाताचे फोड पाह्यले, आन् डोळे पुसत पुसत… सगळ्यात रुंद ताट उचलून घरी गेली. तेच मायं असन! नसन बी. बोलू कशी? मले जे भेटलं ते मी घेतलं. उलसं, इतकंसं आहे, आन् ठेवलं का डुगडुग करते.

म्हनजे धनीबाई बोलली ते पुरं खोटं नोतं. ताटं बाजारात गेले, खरं. इकले नाई, हे बी खरं. पन मायं ताट गेलं ते गेलंच ना वो!

आन् दुपारी जानराव आला. पाय धुतले, पाटावर बसला. मी ते डुगडुगतं ताट समोर ठेवलं, निरांजन लावलं. म्हनलं आता उठते हा. त्यानं बोट काढलं, काठावरून फिरवलं… एकदा… दोनदा. थांबला. ताटाकडे पाह्यलं, मायाकडे पाह्यलं. आन् डोळ्यातून धार! म्हनते, "धुरपते, बाबाचं नाव झिजलं बाई! रोज घासत असशीन ना तू हे… किती जपलं!"

आता काय सांगू त्याले?

म्हनलं, "जेव बाबा. भोपळ्याची भाजी केली."