आईची मेणबत्ती आणि दोन काचा

माझ्या आईसमोर हुशारी दाखवायची नाही, हे मी एकदाच शिकलो. नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावातल्या आमच्या जुन्या घराला एकेरी काचा आहेत. आई नाशिकहून आली आणि बुद्धवंदनेला खिडकीत लावलेली तिची मेणबत्ती फटीतल्या वाऱ्यानं रोज विझायला लागली. "घर घेतलंस की चाळणी?" म्हणाली.

शेवटी खिडक्यांना आतून दुसरी काच लावायचं ठरलं. काचवाल्यानं दोन खिडक्यांना दोन नमुने बसवून दाखवले. एक स्क्रूनं आवळायचा, साधा. दुसरा चुंबकानं चिकटणारा, एकदम देखणा. मी तर लॅपटॉपवर तुलनेचा तक्ताच केला होता, त्यात चुंबकवाला जिंकला. मी सही करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब."

तिनं मेणबत्ती पेटवली आणि चुंबकवाल्या काचेच्या कडेकडेनं फिरवली. खालच्या कोपऱ्यात ज्योत सपशेल आडवी झाली! स्क्रूवाल्या साध्या काचेपाशी मात्र जराही हलली नाही.

काचवाल्यानं गुडघ्यावर बसून स्वतः मेणबत्ती फिरवून पाहिली. मग मला हळूच विचारलं, "तुमच्या आई इंजिनियर आहेत का?"

मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, इंजिनियर तू आहेस. म्हणून तर मला यावं लागलं."