प्रशस्तिपत्रातलं विशेषण

(अग्निशमन केंद्रातली गणवेशाची खोली. थोरली बहीण कॉलेजात इंग्रजी शिकवते, धाकटा भाऊ इथला फायरमन. त्याच्या अंगावरच्या समारंभाच्या कोटाला ती बटण लावते आहे.)

ताई : संकटाच्या क्षणीच माणसातला खरा माणूस जागा होतो.

धाकटा : कोण म्हणालं असं?

ताई : तू. साडेदहाला, माईकवरून. लिहून दिलंय ना मी? वाचलं नाहीस?

धाकटा : वाचलं. असं बोललो तर आमचेच लोक माझ्यावर पाण्याचा पाइप सोडतील.

ताई : हलू नकोस, सुई टोचेल.

धाकटा : ताई, त्या इंग्रजी प्रशस्तिपत्रात मला ‘ब्रेव्ह’ म्हटलंय. त्याचा नक्की अर्थ काय?

ताई : शूर. चौथीतल्या पोरालाही येतं.

धाकटा : ते झालं. मुळात काय? कॉलेजात शब्दांची कुळं सांगत असतेस ना, मग मलाही सांग.

ताई : वीस वर्षांत आपणहून विचारणारा तू पहिलाच. तर, इंग्रजांनी तो घेतला फ्रेंचांकडून, फ्रेंचांनी इटालियन लोकांकडून. तिथे आधी अर्थ होता रानटी, बेफाम. त्याच्याही मागे लॅटिनमधला, असंस्कृत परक्याला म्हणायचा शब्द असावा म्हणतात. पण त्यावर पंडितांचं अजून एकमत नाही.

धाकटा : म्हणजे रानटी.

ताई : आणि मग शूर. शिवाय इटालियनमध्ये पैसे घेऊन खून पाडणाऱ्यालाही तोच शब्द. इंग्रजीत तर एके काळी नुसत्या झकपक कपडे घातलेल्यालाही तेच म्हणत.

धाकटा : त्यात आज मी बसतो.

ताई : बटण टिकलं तर. अजून काय हवंय?

धाकटा : ज्याला ऐकू येत नाही तो, असा एखादा अर्थ नाही का त्यात?

ताई : कुणाला ऐकू येत नाही?

धाकटा : मला. उजव्या कानाने. वर्ष झालं.

ताई : म्हणून टीव्हीचा आवाज एवढा मोठा! आणि मी तुझ्या बायकोला बोलून बसले.

धाकटा : गोदामाच्या आगीत साहेबांनी शिट्टी मारली. तीन लांब. म्हणजे छप्पर खाली येतंय, असेल ते टाकून बाहेर पळा. सगळे पळाले. रिपोर्टात लिहिलंय, शिट्टी होऊनही हा मागे फिरला नाही. अगं, मला ती ऐकूच आली नाही. मी आपला जिन्याखाली चाचपडतोय. वॉचमन हाताला लागला, खांद्यावर टाकला नि आलो. बाहेर बघतो तर टाळ्या.

ताई : वॉचमन बरा आहे ना?

धाकटा : ठणठणीत. परवा आभार मानायला आला होता. नेमका उजव्या बाजूला बसला. तासभर काय बोलला, देव जाणे.

ताई : मग मिटलं. तू गप्प राहा. अख्ख्या स्टाफरूमला सांगितलंय मी. प्रिन्सिपॉल यायचेत.

धाकटा : सांगितलं तर गाडीवरून उतरवतील. सोळा वर्षं गाडीवर काढली. दुसरं काही येत नाही मला.

ताई : म्हणूनच म्हणते, गप्प राहा. पण दर वर्षी तपासतात ना तुम्हाला? त्यातून कसा सुटलास?

धाकटा : कंपाउंडर समोर उभा राहून विचारतो, ऐकू येतंय का? मी मान हलवतो.

ताई : झकास. मग अजून दहा वर्षं हलव.

धाकटा : आणि माझ्या गाडीवरच्या जोडीदाराचं काय करू? त्या दिवशी तो बाहेर पोचला, मी दिसलो नाही म्हणून परत आत निघाला. दोघांनी मिठी मारून धरला त्याला. चार वर्षांची मुलगी आहे त्याची. पुढच्या वेळी धरायला कुणी नसलं तर?

ताई : थांब. दोरा संपला.

धाकटा : ताई.

ताई : ओवतेय ना. आत असताना भीती वाटली तुला?

धाकटा : आत? छे. आत्ता वाटतेय.

ताई : मला वाटलं, भाषणाची वाटतेय.

धाकटा : मग काय करू?

ताई : सांगून टाक. प्रिन्सिपॉलांना चहा पाजून वाटेला लावीन मी.

साहेब : (आत येत) काय नवरदेव, झालं का? पाहुणे निघालेत. नमस्कार, मॅडम.

धाकटा : साहेब, हे बक्षीस मला नको. शिट्टी ऐकूनही मी आत थांबलो, असं काही नाही. मला ती ऐकूच आली नाही. उजवा कान गेलाय माझा.

साहेब : मॅडम, दार लावता जरा?

ताई : लावलं.

साहेब : कुठली शिट्टी म्हणतोस?

धाकटा : तुम्ही मारलेली. तीन लांब.

साहेब : अरे, शिट्टी तोंडात धरली आणि धुराने असा ठसका लागला, की फुंकच निघेना. हातवारे करून काढलं पोरांना.

ताई : मग रिपोर्टात ती कशी?

साहेब : रिपोर्टात शिट्टीचा रकाना आहे, मॅडम. मोकळा ठेवता येत नाही.

धाकटा : पण त्यावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात!

साहेब : केल्यात खऱ्या. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना ऐकू आली असेल.

धाकटा : मग बक्षीस?

साहेब : वॉचमन बाहेर आला ना? घे मुकाट्याने. भाषण दोन मिनिटांत आटप.

ताई : आणि कानाचं?

साहेब : ते आता मला कळलंय, मॅडम. कळलं नाही असं करून चालायचं नाही. सोमवारपासून गाडी बंद. बसून काम.

धाकटा : कुठलं?

साहेब : जागा एकच रिकामी आहे. कंट्रोल रूममध्ये, फोन घ्यायची.