तिच्याशिवाय ऑफिस चालत नाही म्हणे!

...आणि टाळ्या कुणी वाजवल्या? हिनं! माझ्या सख्ख्या नातीनं! ज्या टायवाल्याला बोट धरून शिकवलं, तोच सिनियर झाला, आणि ही उभी राहून टाळ्या वाजवतेय! मी तिथं असते तर तो टाय धरून... जाऊ दे. तुम्ही चहा प्या.

तर तुम्हाला सांगते, ही हिशेब तपासणाऱ्यांच्या ऑफिसात ज्युनियर. तिथला नियम असा, की वर चढायचं तर आधी आपल्या जागी माणूस तयार करायचा. पहिल्या वर्षी हिनं कुणालाच तयार केलं नाही, सगळं एकटीनं उपसलं. व्हाउचरं हिनं तपासायची, बँकेचा मेळ हिनं लावायचा, गिऱ्हाइकाच्या गोदामात शिडीवर चढून खोकीही हिनंच मोजायची! बढतीची वेळ आली तेव्हा साहेब, आवाज असा की कानात कोमट तेल सोडावं, "अगं, तुला वर नेलं तर खाली कोण? तुझ्याशिवाय ऑफिस चालत नाही!" आणि ही बया घरी येऊन नाचते, "आजी, माझ्याशिवाय ऑफिस चालत नाही!"

मी म्हटलं, "बाई गं, ज्या खांबावर घर उभं आहे तो उपटून कुणी माडीवर नेतं का?" कळलं नाही. शिकलेली ना!

मग दुसऱ्या वर्षी हा टायवाला हाताखाली घेतला. ठोंब्या नुसता! "ताई, ही रक्कम डावीकडे की उजवीकडे?" "ताई, बेरीज जुळत नाही!" घास कुठल्या हातानं घ्यायचा तेवढंच विचारायचं राहिलं. पण हिनं घडवला. आणि बढती कुणाला? त्याला! साहेब म्हणाले, "तू इतकं सुंदर शिकवतेस, तुला हलवलं तर पुढच्या पोरांचं काय? तुझ्याशिवाय..." पुढचं तुम्हीच म्हणा! दुसऱ्या दिवशी तो टायवाला काचेआडून, "मॅडम, जरा केबिनमध्ये या." कालपर्यंत ताई होती हो!

मी म्हटलं, फेक राजीनामा. फेकला! साहेब हळहळले, "जातेस तर जा, पण तुझ्या जागी कुणाला तरी तयार करून जा." आणि केलं हिनं! शेवटचा महिनाभर, रोज, मन लावून!

मग घरी बसली, फोन उशाशी. "बघच आजी, चार दिवसांत बोंब उठेल. माझ्याशिवाय ऑफिस चालत नाही!" चाललं! तेल घातल्यासारखं चाललं! एकाचाही फोन नाही. पोरगी वाळली. जेवताना मध्येच फोन उचलून बघायची, बिघडलाय की काय. मी म्हटलं, "फोन धडधाकट आहे, तुझं डोकं बघ." लागलं तिला. लागू दे.

आणि आज सकाळी वाजला! धावली, ओल्या हातानं. "आजी, परत बोलावतायत!" पलीकडून टायवाला, पुन्हा गोडगोड, "ताई, दोन नवीन पोरं आलीत. दोन दिवस येऊन शिकवाल का? द्यायला काही नाही हो, पण सगळे तुमची फार आठवण काढतात."

मी डोळे वटारले. मान हलवली. चिमटासुद्धा काढला!

ही म्हणते, "किती वाजता येऊ?"

काय करणार? डबा भरून दिला. अपमान करून घ्यायचाच आहे, तर भरल्या पोटी तरी घे म्हटलं.