पेडलची झूल

...नाही, नाही, पाय तिथं ठेवू नका जी घनश्यामभाऊ! गाडीत बसा, बसा मीच म्हटलं, पण पाय उचलून बसा — मांडी घालता आली तर मांडीच घाला. चावी लावली नाही म्हणता? चावीचं काय घेऊन बसले! ह्या एक्सिलेटरच्या पेडलच्या मनात आलं तर ते चावीची वाट पाहात नाही. दिसाले साधं, काळं, वीतभर. अन् त्याच्या मांगं तुम्ही तार शोधून राह्यले, मी पाहून राह्यलो — तार नाही. जुन्या गाडीत कसं, पाय दाबला की तार ओढली जाते, तार ओढली की इंजिन डरकते. इथं तसं नाही, हे इलेक्ट्रॉनिक. पाय दाबला की तिकडं इंजिनापाशी कंप्युटरचा डब्बा आहे, त्याले निरोप जाते — ह्या तुमच्या रूपसिंगनं एवढा एवढा पाय दाबला जी — अन् मंग डब्बा ठरवते, ह्या माणसाचं आयकाचं का नाही आयकाचं. थांबा, आता जरा मोठ्यानं बोलतो, दचकू नका — "एक नंबर गाडी आहे साहेब! काळीज काढून देऊन राह्यलो तुम्हाले!" — झालं. तिकडं बांबूच्या तट्ट्याच्या पलीकडं तूर निवडून राह्यली ना, ती माही बायको, सुखीबाई. कान असे तिखट, की तांड्यात कोणाच्या घरी भांडं पडलं तर ही सांगते पितळेचं का स्टीलचं. तिनंच आमच्या पोराले, प्रेमले, सांगून गाडी विकाले मोबाइलवर फोटो टाकाले लावला. म्हणून तर तुम्ही आले. नाहीतर लोहाऱ्याहून इथं आर्णीकडच्या तांड्यावर तुमचं काय काम?

आता हळू बोलू. तुम्ही भले माणूस दिसता, लेकराबाळाचे असान, म्हणून सांगतो. ही गाडी काही कंपनीतून आली नाही. खोक्यात आली — सांगाडा वेगळा, फायबरची बॉडी वेगळी, नटबोल्ट पिशवीत. मी जोडली, ह्या हातानं. इंजिन एका उलटलेल्या गाडीचं, डब्बाही तिचाच, पेडलही तिचंच. उलटलेल्या गाडीचं पेडल, भाऊ! त्याले आठवण नसन का? असते. बसवाले गेलो तर बसेच ना. पाय दाबला की पेडल जागच्या जागी अन् खालचं फायबरच दबे. मंग जुन्या वखराची पास कापली, लोखंडी पट्टी ती, खाली टाकली, वरून बोल्ट कसले. तर वायरी सहा! मी घातल्या बोअरच्या मोटरीच्या उरलेल्या, साऱ्या एकाच रंगाच्या. कोणती कुठं, मलेच कळेना. काहून हसून राह्यले? सहा कायले, हे नाही इचारलं तुम्ही? त्या पेडलमधी दोन साक्षीदार बसवले असतात, सेन्सर म्हणतात त्याले. एक सांगते पाय एवढा दाबला, दुसराही तेच सांगते. दोघांची जबानी जुळली तर डब्बा मानते. नाही जुळली तर गाडी लंगडत चालते, म्हशीच्या चालीनं. अन् आमच्या गाडीतले साक्षीदार कसे? एक सरळ, अन् एक मोहाची घेतलेला! दर अमावस्येले त्याची जबानी फिरते. मांगच्या अमावस्येले तर गाडी अंगणातून आपली आपण निघाली, केळापूरले जगदंबेचं दर्शन घेतलं, अन् सकाळी पाहातो तर जाग्यावर उभी. बोनेटवर कुंकू! — हो, मीच लावलं असन, पण कधी लावलं ते मले आठवत नाही, हे कसं मंग?

भरवसा नाही बसून राह्यला? बरं, ही खरी सांगतो, ह्याचा साक्षीदार सारा तांडा आहे. गाडी जोडून झाली, म्हटलं पहिला फेरा सुखीबाईले घेऊन वावरात. ती म्हणे, अशी उघडीच नेता? आता आमचे आजे-पणजे बैलावर मीठ-धान्य लादून मुलूख फिरले, तांड्याचा पुढचा बैल कधी उघडा चालला नाही — पाठीवर झूल, झुलीले आरशे, शिंगाले कवड्या. तिनं मले इचारलं, ह्या गाडीत साऱ्यात पुढं कोण? कोणाच्या जोरावर ही चालते? मी शहाणा! मी पेडलकडं बोट केलं. मंग काय, बसली शिवाले. लाल कापड, त्याच्यावर आरशे, काठाले कवड्या, चार कोपऱ्याले चार बंद — अन् पेडलले झूल घातली, बंद खालच्या पट्टीले बांधले, गाठ अशी कचकन ओढली, की बैल असता तर त्यानं लात मारली असती. पेडल बिचारं अर्धं दबलं. मले दिसलं नाही, वरून कवड्याच कवड्या! चावी फिरवली तर गाडी अशी बोंबलली, मले वाटलं झूल भेटली म्हणून खुश झाली. ती पण म्हणे, पाहा, मान दिला तर कशी बोलते! मी क्लच सोडला.

तुरीतून गेलो. धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, उडालो. शेजारच्या किसनरावच्या कपाशीत वेचणाऱ्या बाया होत्या, त्या बैलबंडीवर चढल्या, बंडीचे बैल बाभळीखाली पळाले. मी ब्रेकवर उभा, अन् दोन्ही साक्षीदार एका सुरात डब्ब्याले सांगून राह्यले — पाय दाबलेला आहे, दाबलेला आहे! त्यांचा काय दोष? खोटं थोडीच बोलत होते. चावी बंद कराचं सुचलं तेव्हा किसनरावचा उकिरडा आला होता. त्याच्यातच थांबलो, सुखीबाईसकट. त्या दिवसापासून ती म्हणते, घरात एक ही राहीन नाहीतर मी. मी म्हटलं, इचार कराले जरा वेळ दे. — मोठ्यानं हसू नका ना बाप्पा! "हसून राह्यले साहेब, इतकी पसंत पडली!" — असं लागते मधामधात.

तर जीव प्यारा असन तर उतरा. नाही? चालू करून पाहाची? पाहा मंग, तुमच्या हट्टापायी. ही लावली चावी. आता लगेच फिरवू नका, जरासं थांबा, डब्बा पेडलले इचारून घेते, तू जाग्यावर आहेस ना — हो म्हटलं त्यानं — आता फिरवा. ... आयकलं? नाही, सांगा ना, आयकलं का? दाबा. अंगठ्यानं दाबा, पायाची जरूरच नाही. आता सोडा. पाहा, कसं सुरळीत वर आलं! दुसरा कोणी असता तर तार टाकून मोकळा झाला असता, पण मी म्हटलं, नाही, हेच पेडल बसवीन. ह्याच्याखाली रबर कापून टाकलं मी, शेवटाले ठोका लागू नये म्हणून. ब्रेकची वायर पण मांगून डब्ब्याले जोडली, आता ब्रेक दाबला की डब्बा पेडलचं आयकतच नाही, एक लाख झुली घाला! फुलाएवढा जोर लागते. बाकी गाड्याचं पेडल माह्या गुडघ्याले झेपत नाही ना, उजव्या. टिपेश्वरच्या रस्त्यावर वाघानं धरला — काय पाहून राह्यले? बरं, धरला नाही. वाघ पाहाले गेलतो, मोटरसायकल घसरली. वाघ पण दिसला नाही. तेव्हापासून बाजेवर. वावरात जावाचं तर कोणाच्या तरी मांगं बसाचं, पोतं बसते तसं. लखनले फोन करावा, लहान भाऊ माहा, तर तो म्हणे आलोच दादा, अन् ये दुपार उतरल्यावर. कपाशी माही, तूर माही, अन् बोंड फुटलं का हे लखनच्या सवडीनं पाहाचं! सुखीबाई पायी जाऊन येऊन सांगे — फुटलं. मी म्हणो किती फुटलं? ती म्हणे, जितकं फुटते तितकं. आता रोज सकाळी मी ह्याच्यावर बसतो, रस्त्याचं काम नाही, पासिंग नाही, नुसतं अंगण ते धुरा, धुरा ते अंगण —

हे मी तुम्हाले कायले सांगून राह्यलो?

नाही, बोला तुम्ही. काय म्हटलं? चालली नाही तरी चालते? म्हणजे? ... लॉन? लग्नाचं लॉन आहे तुमचं? अन् ही दारात... उभी? नुसतीच उभी? नवरा-नवरी टेकून फोटो काढतीन, बरं. अन् इंजिन? काढून टाकणार? वजन कमी व्हाले. अन् पेडल? ... भंगारात.

असं.

म्हणजे अमावस्या, साक्षीदार, उकिरडा, सारं मी फुकटच सांगितलं. तुमचं काहीच अडत नाही. तुम्ही आजच न्यान, वरून टेम्पो पण सांगून आले असान. सांगून आले? वा! हुशार आहात जी.

उतरा.

नाही, रागावलो नाही. उतरा म्हटलं. हळू, तो पाय आधी — त्या पेडलले लागू देऊ नका. हं. आता इथं उभे राहा, तट्ट्याकडं तोंड करून. "सुखे! अवं सुखे! साहेबाले पसंत नाही पडली गाडी! — काय करतं आता, एकेकाची पसंती!" — मान हलवा. आडवी जी, आडवी, उभी काहून हलवून राह्यले! — "पाहा, नाही म्हणून राह्यले! लय समजावलं मी!" — अजून एकदा हलवा, तिनं तुरीचं सूप खाली ठेवलं. — "चहा नको ठेवू, निघाले ते!" — जा आता, सरळ जा, टेम्पोवाल्याले येऊ नको म्हणून फोन वाटेत करा. अन् हसू नका ना, ती पाहून राह्यली.